दगडातली झाडे वाचणारे बीरबल साहनी



१४ नोव्हेंबर म्हटले की आपल्याला पंडित नेहरू आणि बालदिन आठवतो. याच तारखेला, १८९१ साली, आणखी एका थोर भारतीयाचा जन्म झाला. ते म्हणजे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. बीरबल साहनी. कॉलेजात हिंदी माध्यमातून शिकताना मी त्यांचे नाव वाचले होते, पण परीक्षेपुरतेच. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीखालच्या दगडाशी त्यांचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले.

साहनींचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सुटीत ते मुलांना हिमालयात पायी हिंडायला नेत. झाडे, दगड, बर्फ पाहण्याची गोडी बीरबलना तिथेच लागली. १९११ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि प्रा. सीवर्ड यांच्या हाताखाली तयार झाले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून ते भारतात परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ पासून ते लखनऊ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख झाले. १९३६ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्यांचा विषय होता जीवाश्म वनस्पती. झाडाचे खोड, पान किंवा फळ गाळात गाडले जाते, पाण्यातली खनिजे त्यात झिरपतात आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. असा दगड पातळ कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आतल्या पेशीसुद्धा दिसतात. आज झारखंडात असलेल्या राजमहल टेकड्यांत खोड, पाने, फळे वेगवेगळी सापडत होती. ती एकाच गटाच्या वनस्पतींची आहेत, हे साहनींनी ताडले आणि १९४८ मध्ये ‘पेंटॉक्सिली’ हा नवा गट जगापुढे मांडला.

आता आपल्याकडे येऊ. माळवा आणि महाराष्ट्राचा बराच भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. एक थर थंड झाला की त्यावर तळी साचत, झाडे उगवत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सगळे झाकून टाकी. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानजवळ या दोन थरांच्या मधल्या दगडांत ताड जातीच्या झाडांचे आणि नीपाच्या फळांचे जीवाश्म मिळाले. नीपा ही खाऱ्या दलदलीत वाढणारी वनस्पती आहे.

त्या काळी बहुतेक भूवैज्ञानिक हा लाव्हा क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला मानत. साहनींनी १९३४ मध्ये यावर जाहीर प्रश्न उभा केला. अशीच नीपाची फळे इंग्लंडमध्ये नंतरच्या, इओसीन काळाच्या थरांत सापडतात, मग आपला लाव्हाही तितकाच अलीकडचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून दगडाचे वय मोजता येऊ लागले. तेव्हा दिसले की हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे ऐन डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमाराचे आहेत. काही थर त्याआधीचे, काही नंतरचे. साहनींचा अंदाज पूर्ण बरोबर ठरला नाही, पण त्यांनी प्रश्न विचारला म्हणून शोध पुढे गेला.

या कामासाठी स्वतंत्र संस्था असावी, ही त्यांची तळमळ होती. त्यांनी आणि पत्नी सावित्री यांनी आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्म देऊन १९४६ मध्ये लखनऊला संस्था उभी केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या शिलेत खरेखुरे जीवाश्म जडवलेले होते. अवघ्या आठवड्यात, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले. सावित्रीताई मात्र मागे हटल्या नाहीत. त्यांनी संस्थेची धुरा उचलली, आणि १९५३ च्या जानेवारीत नव्या इमारतीचे उद्घाटनही नेहरूंच्याच हस्ते झाले. आज ती ‘बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान’ म्हणून ओळखली जाते.

संस्था एका माणसाच्या स्वप्नातून जन्मते, पण टिकते ती मागच्यांनी सांभाळली म्हणून. घरापासून दूर आपल्या वडीलधाऱ्यांनी काढलेली मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांनो, एक काम देतो. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात काही दगड आहेत. ते कोणी, कुठून आणले, याची चिठ्ठी कशावरच नाही, म्हणून ते आपल्याला काहीच सांगू शकत नाहीत. यापुढे सहलीत एखादा दगड उचललात, तर गावाचे नाव, जागा आणि तारीख कागदावर लिहून तो कागद दगडासोबतच माझ्याकडे द्या. कपाट मी रिकामे करून ठेवतो.

आपला,
प्राचार्य