काचेवरची साक्ष

छायाचित्रकार म्हटला की खांद्याला कॅमेरा अडकवून रानावनांत हिंडणारा आणि क्षणार्धात कळ दाबून मोकळा होणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु एक काळ असा होता की, डोंगरातले एक चित्र घ्यायचे तर काचा, रसायने आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू खेचरांच्या पाठीवर लादून न्यावा लागे. त्या काळातल्या एका कलावंताची ही जीवनकहाणी आहे. कार्लटन वॉटकिन्स हे त्याचे नाव. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्निया प्रांतातले कडे, धबधबे, महावृक्ष आणि सागरतीर त्याने काचेवर उतरविले. त्या काचांनी दिलेली साक्ष दूरच्या राजधानीत मानली गेली आणि एक अख्खी दरी लोकांसाठी राखली गेली. स्वतःच्या काचा मात्र त्याला राखता आल्या नाहीत.

वॉटकिन्सचा जन्म ११ नोव्हेंबर १८२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ओनिओन्टा या लहानशा गावी झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि हजारो तरुण पश्चिमेकडे धावले, त्यांत विशीतला वॉटकिन्सही होता. ओनिओन्टा येथे दुकान चालविणारा कॉलिस हंटिंग्टन हाही त्याच लाटेबरोबर तिकडे गेला. पुढे हा हंटिंग्टन रेल्वेचा मोठा धनी झाला आणि या मैत्रीचा धागा अखेरपर्यंत टिकला. वॉटकिन्सला सोने काही मिळाले नाही. १८५० नंतरच्या त्या दशकात रॉबर्ट व्हान्स या छायाचित्रकाराच्या चित्रशाळेत माणसाची नड निघाली, म्हणून वॉटकिन्स तात्पुरता तेथे उभा राहिला आणि तेथेच त्याला आपला धंदा सापडला, असे सांगतात.

त्याची सुरुवातीची काही कामे न्यायालयांसाठी होती. १८४८ साली मेक्सिकोकडून हा मुलूख अमेरिकेकडे आला, तेव्हा जुन्या जमिनींच्या हद्दींवरून दावे माजले. नकाशांवर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा वादातली जमीनच न्यायाधीशापुढे आणण्याची युक्ती निघाली. १८५८ साली ग्वाडालूप येथील पाऱ्याच्या खाणीच्या दाव्यात वॉटकिन्सने जागेची चित्रे घेतली आणि साक्षही दिली. चित्र घेण्यासाठी हीच जागा का निवडली, या प्रश्नाला त्याचे उत्तर साधे होते: जेथून सर्वांत चांगले दिसत होते, ती जागा त्याने घेतली होती. त्याच्या साऱ्या कलेचे मर्म या उत्तरात आले आहे. कोठे उभे राहावे हे ज्याला कळले, त्याला पुढचे बरेचसे आपोआप कळते.

१८६१ साली त्याने एका सुताराकडून प्रचंड कॅमेरा करवून घेतला. त्यात सुमारे १८ बाय २२ इंचांची काच बसे. त्या काळी निगेटिव्हवरून चित्र मोठे करण्याची सोय जवळजवळ नव्हती. जेवढी काच, तेवढेच चित्र. आभाळाला भिडणारे कडे तळहाताएवढ्या कागदावर दाखवून पाहणाऱ्याची छाती दडपणार नाही, हे त्याने ओळखले होते. हा कॅमेरा घेऊन तो सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी दरीत शिरला. तेथपर्यंत गाडीरस्ता नव्हता. काचांनी भरलेल्या पेट्या घेऊन खेचरांचा तांडा घाट उतरून गेला.

या कामाची रीत समजून घेतल्याखेरीज त्याच्या कष्टांची कल्पना येणार नाही. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य सर्वत्र सारख्या जाडीने पसरावयाचे. मग तंबूच्या अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, प्रकाश द्यावयाचा आणि पुन्हा तंबूकडे धावावयाचे. काच वाळली की सारे फुकट. धुळीचा कण बसला, हात थरथरला, द्रावण उन्हाने तापले, तरीही फुकट. काच फुटण्याचे भय तर घरी पोचेपर्यंत. अशा रीतीने त्या एका मोहिमेत त्याने ३० मोठ्या काचा आणि सुमारे १०० स्टिरिओ चित्रे तयार केली. स्टिरिओ म्हणजे शेजारी शेजारी लावलेली दोन चित्रे. दुहेरी भिंगातून पाहिली की दृश्याला खोली येते.

हे तंत्र निसर्गाच्या काही रूपांपुढे हतबल होई. कलोडियनला निळा प्रकाश लवकर दिसे, पिवळा व तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे पडे. वसंतात कॅलिफोर्नियाच्या टेकड्या पिवळ्याजर्द, केशरी रानपॉपींनी भरून जातात. पण तेच फूल काचेवर काळपट उमटावयाचे. प्रकाश कित्येक सेकंद द्यावा लागे, म्हणून वाऱ्यावर डोलणारे पान पुसट होई आणि उडता पक्षी उमटतच नसे. वाहते पाणी दुधासारखे दिसे. वॉटकिन्सने या मर्यादांशी झगडा केला नाही. त्या ओळखून त्याने विषय निवडले. निश्चल तळ्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब, उघडा खडक, एकटा उभा वृक्ष, ही त्याची खास क्षेत्रे झाली. मारिपोसा राईतल्या ग्रिझली जायंट नावाच्या प्रचंड सिकोया वृक्षाचे चित्र घेताना त्याने बुंध्याशी गॅलन क्लार्क या गृहस्थाला उभे केले. त्या चिमुकल्या मनुष्याकृतीमुळे वृक्षाचे माप क्षणात कळते. पुढे हाच क्लार्क त्या दरीचा पहिला रक्षक नेमला गेला.

१८६२ साली ही चित्रे न्यूयॉर्कमधील गूपिल यांच्या कलादालनात लागली. देशात तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. रणांगणाच्या वार्तांनी पोळलेल्या लोकांनी हे शांत, विराट कडे पाहिले. ऑलिव्हर वेंडेल होम्ससारख्या नामवंत लेखकाने १८६३ साली त्यांची तारीफ केली. १८६४ च्या आरंभी इझ्रायल रेमंड या गृहस्थाने सिनेटर जॉन कॉनेस याला पत्र लिहून ही दरी राखून ठेवण्याची विनंती केली आणि सोबत दरीची चित्रे पाठविली. कॉनेसने विधेयक मांडले. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी त्यावर सही केली. योसेमिटी दरी आणि मारिपोसा राई सार्वजनिक उपयोगासाठी कायमची राखून कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाली. ज्यांनी त्या कायद्याला मत दिले, त्यांतल्या बहुतेकांनी ती दरी कधी पाहिली नव्हती. उद्यानरचनाकार फ्रेडरिक ओल्मस्टेड याने १८६५ च्या आपल्या अहवालात वॉटकिन्सच्या छायाचित्रांचे हे ऋण नोंदविले आहे. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, स्थापन झाले ते त्यानंतर आठ वर्षांनी.

या साक्षीत एक गोष्ट मात्र आली नाही. ती दरी निर्जन नव्हती. अहवाहनीची लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत होते. वॉटकिन्स पोचण्याच्या दहाच वर्षे आधी, १८५१ साली, सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांचा साठविलेला अन्नसंचय जाळला आणि त्यांना हुसकून लावले. वॉटकिन्सच्या सुप्रसिद्ध चित्रांत दिसते ती माणसांवाचूनची, जणू सृष्टीच्या पहिल्या दिवशीची दरी. त्याने खोटे काही दाखविले नाही. पण सर्वांत चांगले दिसेल अशी जागा निवडताना चौकटीबाहेर काही राहतेच, आणि येथे जे बाहेर राहिले ते एका समाजाचे घर होते. ज्या चित्रांनी दरी वाचविली, त्याच चित्रांनी ती मुळात रिकामीच होती हा समजही दृढ केला.

पुढची दहा-बारा वर्षे त्याच्या वैभवाची. १८६३ मध्ये त्याने मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरच्या नद्या आणि लाकडाच्या गिरण्या टिपल्या. १८६७ मध्ये ऑरेगनमधील कोलंबिया नदीचे खोरे पालथे घातले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोपासून तीसेक मैल समुद्रात असलेली, सीलांची आणि समुद्रपक्ष्यांची फॅरलॉन बेटे त्याने टिपली. १८७० मध्ये तो शास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंग याच्याबरोबर माउंट शास्ताच्या मोहिमेवर गेला. भूगर्भशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची चित्रे अभ्यासासाठी वापरू लागले. योसेमिटीतल्या एका पर्वताला त्याचेच नाव देण्यात आले.

कलावंत मोठा होता, हिशेबनीस मात्र कच्चा होता. त्याने सॅन फ्रान्सिस्कोत थाटाची चित्रशाळा मांडली आणि कर्ज वाढत गेले. १८७५ साली तेथील एक मोठी बँक कोसळली आणि त्या मंदीत वॉटकिन्सची चित्रशाळा निगेटिव्हच्या काचांसकट धनकोच्या हाती गेली. पुढे आयझाया टेबर या छायाचित्रकाराने त्याच काचांवरून चित्रे छापून स्वतःच्या नावाने विकली. ज्याच्याकडे काच, त्याचे चित्र, असा तो व्यवहार होता. पन्नाशीकडे झुकलेला वॉटकिन्स रडत बसला नाही. पुन्हा कॅमेरा घेऊन तो त्याच कड्यांपुढे, त्याच धबधब्यांपुढे उभा राहिला आणि सारे काम नव्याने केले. या चित्रांना त्याने ‘नवी मालिका’ असे नाव दिले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हात न्हालेल्या जुन्या स्पॅनिश मिशनांची चित्रेही याच काळातली. १८७९ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने फ्रान्सिस स्नीड हिच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. मुलाचे नाव त्याने कॉलिस ठेवले.

१८९० नंतर त्याची दृष्टी जाऊ लागली. डोळ्यांवर जगलेल्या माणसावर याहून क्रूर आघात कोणता? भाडे थकले, तेव्हा सुमारे दीड वर्ष हे कुटुंब रेल्वेच्या एका जुन्या डब्यात राहिले. अखेर हंटिंग्टनने मैत्रीला जागून त्याला केपे खोऱ्यात थोडी शेतजमीन दिली. काचांचा साठा मात्र सॅन फ्रान्सिस्कोतच होता. हे संचित स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे सोपविण्याची बोलणी चालू झाली. एवढ्यात १८ एप्रिल १९०६ ची पहाट उगवली. भूकंपाने शहर हादरले आणि मागोमाग उठलेल्या आगीने वॉटकिन्सची चित्रशाळा भस्मसात केली. त्या दिवसाचे एक छायाचित्र आज उपलब्ध आहे. दाढी वाढलेला, हातात काठी घेतलेला वृद्ध वॉटकिन्स, आणि त्याला हाताला धरून रस्त्यातून नेणारी माणसे. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेला हा माणूस कॅमेऱ्यापुढे आला, तो असा. योगायोग पाहा, त्याच १९०६ साली योसेमिटी दरी संघराज्याकडे परत येऊन राष्ट्रीय उद्यानात सामील झाली.

या धक्क्यातून तो सावरला नाही. १९१० मध्ये त्याला नापा येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. २३ जून १९१६ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. रुग्णालयाच्या आवारात त्याला पुरले, आणि त्या जागेवर नावाचा दगडही बसला नाही.

काचा जळाल्या, तरी त्यांवरून छापलेले कागद आधीच देशोदेशींच्या ग्रंथालयांत, संग्रहालयांत आणि घराघरांतल्या अल्बमांत पोचले होते. विकून टाकलेले तेवढे वाचले आणि जपून ठेवलेले जळाले. अभ्यासकांनी हे विखुरलेले कागद पुन्हा एकत्र जुळविले. २०११ साली गेटी संग्रहालयाने त्याच्या मोठ्या आकाराच्या चित्रांची समग्र सूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांची संख्या बाराशेच्या वर भरली. टेबरच्या नावाने खपलेली चित्रे कोणाची, हेही आता निश्चित झाले आहे. नापा येथे त्याच्या नावाचा दगड नसला तरी योसेमिटीत त्याच्या नावाचा पर्वत आहे, आणि तो ज्याच्यासमोर कॅमेरा लावून उभा राहिला ते मिरर तळे अजून वसंतात भरते. वारा पडला की त्या पाण्यात माउंट वॉटकिन्स उलटा दिसतो, जसा तो एकदा कॅमेऱ्याच्या काचेवर उलटा उमटला होता.