रंकाळ्याचे आबालाल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरींनी दोनदा सांगितलं. मी मूळचा कोल्हापूरचा. माझं रंकाळापुराण आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. तरी आज त्या रंकाळ्याची चित्रं काढणाऱ्या एका थोर माणसाबद्दल लिहितो. त्यांचं नाव आबालाल रहिमान.

आबालालांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे त्यांनी रेखाटन, जलरंग, तैलरंग यांवर असा हात बसवला की व्हाइसरॉयचं पदक मिळालं. मुंबईतच राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. पण ते गावी परतले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा आश्रय दिला. कोटितीर्थ तळ्यापाशी त्यांचं राहणं होतं आणि राहणी अगदी फकिरी.

व्यक्तिचित्रं ते उत्तम करत, पण जीव रमला तो निसर्गचित्रात. रंकाळ्यातला संध्यामठ तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात तळं भरलं की तो बराचसा पाण्याखाली जातो, पाणी ओसरलं की पुन्हा उघडा पडतो. आबालालांनी तो काळा दगड, ते पाणी, त्यावरचा उजेड रंगवला. लांबच्या हिमालयात जायची त्यांना गरज वाटली नाही. रोजच्या पायाखालचं गाव त्यांना पुरलं. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या पिढीतल्या कोल्हापुरी कलावंतांनी त्यांना फार मानलं.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं आमच्याकडे अजून सांगतात. आकडा काही असो, आज त्यांची फार थोडी चित्रं उरली आहेत, हे मात्र खरं. १९३१ मध्ये ते वारले.

आता माझं सांगतो. शाळेत जाता-येता मी रोज संध्यामठ बघायचो, म्हणजे नुसता त्याच्यावरून नजर फिरवायचो. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. बारावीनंतर त्याला जे. जे. ला जायचं होतं. पोट कसं भरणार, असं म्हणून मी त्याला इंजिनिअरिंगला घातलं. तो कधी तक्रार करत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

दोन वर्षांपूर्वी नातीला घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. आबालालांच्या एका चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. पाणी ओलं कसं काय दिसतं, असं तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तिच्या बापानं मात्र खाली वाकून, कागदाचा पांढरा रंग कुठे कुठे मोकळा सोडलाय, ते तिला बोटानं दाखवलं. वीस वर्षांत त्याला इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं.

परवा तो रंगपेटी घेऊन आला. म्हणाला, मुलीसाठी आणलीय. ब्रश मात्र दोन होते. रविवारी सकाळी गच्चीवर दोघं बसलेली दिसली तर पाण्याच्या टाकीची आणि समोरच्या गुलमोहराची चित्रं काढतायत असं समजा. त्यांना उठवू नका, एवढीच विनंती.