लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगर व किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. त्यांच्या उद्योगाचा आरंभ मात्र बेळगावातील सायकलींच्या एका लहानशा दुकानातून झाला. तारुण्यात जडलेला यंत्रांचा छंद हाच पुढे त्यांच्या आयुष्याचा व्यवसाय ठरला.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि यांत्रिक वस्तूंची उलटापालट करून त्यांची रचना समजून घेणे, या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती.

१८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. दोन वर्षांनंतर त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळले आणि चित्रकलेचा अभ्यास सोडावा लागला. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला हा आघात मोठा होता. तथापि, ज्यात रंगांचे काम नाही असे यांत्रिक रेखाटन त्यांनी चालू ठेवले. त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) यांत्रिक रेखाटनाचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. फावल्या वेळात ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे हाताळत. यंत्रांविषयीची पुस्तके इंग्रजीत असल्याने ती वाचता यावीत म्हणून त्यांनी त्या भाषेचाही अभ्यास केला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

सायकलीचे वेड

मुंबईत लक्ष्मणरावांनी प्रथम सायकल पाहिली. सायकलीच्या इतिहासातील तो संक्रमणाचा काळ होता. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले असलेली जुनी सायकल मागे पडत होती. १८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल मूलतः त्याच रचनेवर चालते.

लक्ष्मणरावांना या यंत्राचे आकर्षण वाटलेच, शिवाय त्यात व्यवसायाची संधीही दिसली. ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवू लागले. तेथे रामूअण्णा त्या विकत. या उद्योगातून ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव रूढ झाले. १८८८ हे समूहाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये असे. शाळामास्तर किंवा कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम असल्याने सायकल ही श्रीमंतांची आणि साहेबलोकांची चैन होती. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये घेतले जात.

पुढे संस्थेत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. हा अन्याय सहन न होऊन त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावला परतले. बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून सायकली विकणे व दुरुस्त करणे हे त्या काळच्या सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबाच्या रूढीला धरून नव्हते. तेलाने काळे झालेले हात हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात नसे. लक्ष्मणरावांनी त्याची पर्वा केली नाही. दुकान ज्या रस्त्यावर होते, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

शेतीची अवजारे आणि लोखंडी नांगर

सायकलींचा ग्राहकवर्ग मर्यादित होता. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगत होते आणि त्यांची अवजारे शतकानुशतके बदललेली नव्हती. हे ओळखून बंधूंनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमिनीचा वरचा थर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जाऊन माती उलथतो, त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळे वर येतात. वऱ्हाडापासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंतच्या काळ्या जमिनीत हा फरक विशेष जाणवणारा होता.

तरीही लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला नाही.

किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व आर्थिक साहाय्यही केले. निवडुंगाने व्यापलेल्या आणि सापांचा वावर असलेल्या या माळरानावर १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह वसाहत उभारली. पुढे वसाहत व स्थानक या दोहोंना किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. हे गाव सध्या सांगली जिल्ह्यात आहे.

वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रखवालीची जबाबदारी सोपवण्यात आली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. माणसाची पारख प्रमाणपत्रावरून न करता कामावरून करावी, हे लक्ष्मणरावांचे धोरण होते आणि त्याचे मूळ त्यांच्या स्वतःच्या जडणघडणीत होते.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड व कोळसा यांची टंचाई असतानाही कारखाना तगून राहिला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवण्यात आली. नांगराखेरीज उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप यांचेही उत्पादन होऊ लागले.

उत्तरायुष्य आणि वारसा

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि समूहाचा विस्तार इंजिने, विद्युत यंत्रे व यंत्रहत्यारे यांपर्यंत नेला. पित्याने कार्यशाळेत चाचपडत मिळवलेले ज्ञान पुत्राला विद्यापीठात रीतसर मिळाले. एका पिढीत घडलेले हे स्थित्यंतर महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २० जून १९८९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. त्यांच्या चरित्रात बेळगावच्या दुकानाला मोजकीच पाने मिळतात. परंतु परदेशी यंत्र खोलून समजून घेणे, ते दुरुस्त करणे आणि अनोळखी वस्तू लोकांच्या अंगवळणी पाडणे या गोष्टींचा सराव त्यांना तेथेच झाला. नांगराच्या वेळी दोन वर्षे वाट पाहण्याची चिकाटी या पूर्वानुभवाशिवाय समजत नाही.