कै. रमाबाई रानडे : माजघरातील झुंज

रूढी म्हटली की सती, केशवपन अशा मोठ्या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु रूढीचे खरे राज्य चालते ते माजघरात, पंगतीत आणि शेजारणीच्या नजरेत. कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवले.

१८७३ साली माधवराव रानड्यांची प्रथम पत्नी वारली. ते सुधारक; त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांचा शब्द त्यांच्याने मोडवेना आणि देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची कन्या त्यांच्या घरी आली. एवढ्या विद्वानालाही रूढीने वाकविले! मात्र लग्न होताच त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला.

इथून रमाबाईंची परीक्षा सुरू झाली. पुस्तक हाती घेतलेली सून घरातील वडीलधाऱ्या बायकांना सहन होईना. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंचा स्पर्श झाला म्हणून स्नान करावे लागे. १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून पुण्यात गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा सभेत कौतुक झाले. घरी मात्र टोमणे वाट पाहत होते. त्या उलट बोलल्या नाहीत, पण शिकणेही सोडले नाही. मला वाटते, त्या बायका दुष्ट नव्हत्या. लोक काय म्हणतील, हे भय त्यांनाही लहानपणापासून मिळाले होते. तेच त्यांनी सुनेच्या ओंजळीत घातले.

१९०१ साली पती निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनी आपले दुःख लोकसेवेत विरघळविले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. परित्यक्ता व विधवा तेथे शिकू लागल्या. परिचारिकेचे काम कुलीन स्त्रीने करू नये असा समज होता. सेवासदनाच्या मुलींनी तो कामानेच पुसून टाकला. १९१० साली रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, आज आपल्या मुली कोठेही शिकतात. तरीही शेजारची सून उशिरा घरी आली की आपल्या भुवया उंचावतातच ना? रूढी कायद्याने येत नाही, ती अशा भुवयांतून येते. आपल्या मंडळाच्या या वर्धापनदिनी एवढे जरी आपण मनाशी धरले, तरी रमाबाईंचे स्मरण सार्थ होईल.