दरोडेखोर की बंडखोर? वासुदेव बळवंत आणि टेंपल सरकार

१८७९ साली मुंबई सरकारच्या दफ्तरात एकाच माणसाची नोंद दोन प्रकारे होत होती. पोलिसांच्या लेखी तो पुणे जिल्ह्यात धुमाकूळ घालणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांना मात्र त्याच्या पाठीमागे, पेशवाई बुडाल्याचे शल्य उराशी बाळगून असलेला एक संपूर्ण वर्ग उभा असल्याचा भास होत होता. हा माणूस म्हणजे वासुदेव बळवंत फडके. महाराष्ट्र त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून ओळखतो. त्यांचे बंड उणेपुरे पाच महिने टिकले. पण ते मोडताना सरकारची जी तारांबळ उडाली, ती पाहता साध्या दरोडेखोराला कोणी इतके घाबरत नाही, हे स्पष्ट होते.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण या गावी झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि घराण्याची किल्लेदारी संपली. कल्याण व मुंबई येथे थोडेफार इंग्रजी शिक्षण घेऊन वासुदेव बळवंत नोकरीला लागले. आधी रेल्वेच्या कचेरीत, नंतर इतरत्र आणि अखेर लष्कराच्या हिशेबखात्यात, असा त्यांचा प्रवास झाला. याच खात्यातून ते पुण्यास आले. बंडाच्या वाटेला लागण्यापूर्वीची बरीच वर्षे ते त्याच सरकारचे कारकून होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक सरकारचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे त्यांनी तेथेच पाहिले असणार.

१८७० साली आईच्या आजारपणाची बातमी आली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि आईची अखेरची भेटही झाली नाही. पुढील वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारण्यात आली. चरित्रकारांनी या प्रसंगाला फार मोठे स्थान दिले आहे. परंतु केवळ रजेच्या रागातून बंड उभे राहत नाही. त्याच सुमारास ते न्यायमूर्ती रानडे यांची देशाच्या आर्थिक लुटीविषयीची व्याख्याने ऐकत होते, सार्वजनिक काका म्हणजेच गणेश वासुदेव जोशी यांच्या स्वदेशीच्या चळवळीकडे ओढले जात होते आणि लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात दांडपट्टा व कुस्तीचा सराव करीत होते. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी पुणे नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीस हातभार लावला; आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावाचायला आणि शस्त्र चालवायलाही शिकविले. व्याख्यान, शाळा, आखाडा या तिन्ही वाटा त्यांनी चोखाळून पाहिल्या. पुढे आला तो १८७६ चा दुष्काळ.

या दुष्काळातच वासुदेव बळवंत आणि रिचर्ड टेंपल यांच्या वाटा प्रथम एकमेकींना छेदतात. दख्खनच्या पठारावर, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर, कलादगी आणि निजामाच्या मुलखात, पिके बुडाली. टेंपल हे दुष्काळाच्या पाहणीसाठी हिंदुस्थान सरकारचे खास प्रतिनिधी म्हणून १८७७ च्या आरंभी दक्षिणेत आले. त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याबद्दल त्यांना टीका सोसावी लागली होती. या खेपेस त्यांनी ती चूक होऊ दिली नाही. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढीच मजुरी त्यांनी पुरेशी ठरविली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या कपातीविरुद्ध कामे सोडली, सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. तरीही धोरण बदलले नाही. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. वासुदेव बळवंत त्या काळात दुष्काळी गावांतून हिंडत होते. बंडाच्या आत्मचरित्रात पुढे त्यांनी जे लिहिले, त्यात धर्म आणि स्वराज्य यांच्याबरोबरीने भुकेचा उल्लेख वारंवार येतो.

पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींकडून त्यांना काहीच मिळाले नाही. तेव्हा ते रामोशांकडे वळले. गढ्या, किल्ले आणि गावे राखण्याचे पिढीजात काम इंग्रजी राज्यात गेलेल्या या समाजाने पूर्वी उमाजी नाईकांचे बंड पाहिले होते. उमाजींना १८३२ साली पुण्यात फाशी झाली होती. ती आठवण अद्याप ताजी होती. २० फेब्रुवारी १८७९ रोजी लोणीजवळ विष्णू गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर, गोपाळ हरी कर्वे यांच्यासह दोनेकशे माणसांची जमवाजमव झाली आणि तीनच दिवसांत शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा पडला. त्यानंतर पुणे जिल्ह्यात ठिकठिकाणी सावकारांची घरे लुटली गेली. हाती आलेल्या पैशांतून घोडदळ उभारावे, तारा तोडाव्यात, रेल्वे अडवावी, तुरुंग फोडावेत आणि सरकारचे दळणवळण एकाच वेळी ठप्प करावे, असा त्यांचा बेत होता. लूट मात्र बेताची येई आणि तीही वाटण्यांतच संपे. रामोशांना ताबडतोब पोट भरायचे होते, वासुदेव बळवंतांना राज्य उलथायचे होते; हे अंतर कधीच मिटले नाही. एप्रिलमध्ये ते निराश होऊन श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या दर्शनास निघून गेले आणि तेथे बसून त्यांनी आपली हकिगत लिहून काढली.

सरकारने आरंभी हे प्रकरण नेहमीच्या पद्धतीनेच हाताळले. मेजर डॅनियल याच्याकडे पाठलागाचे खास काम सोपविण्यात आले, पोलिसांच्या जोडीला पायदळाच्या व घोडदळाच्या तुकड्या दिल्या गेल्या, माहिती देणाऱ्यास इनाम जाहीर झाले. त्याच हंगामात रामोशांच्या इतरही टोळ्या फिरत होत्या. हरी मकाजी याच्यासारखा रामोशी नायक पकडला गेला आणि फासावर चढला. त्याच्या खटल्याची कोणी फारशी चर्चा केली नाही, आजही कोणी करीत नाही.

मे महिन्यात चित्र पालटले. दौलतराव नाईक यांच्या हाताखालील टोळीने घाट उतरून पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे धाड घातली व लाखावर ऐवज नेला. परतीच्या वाटेवर डॅनियलच्या तुकडीने घाटात गाठून दौलतरावांना ठार केले. वासुदेव बळवंतांचा उजवा हात गेला. पण याच सुमारास त्यांचा जाहीरनामा सरकारकडे आणि वृत्तपत्रांकडे पोहोचला होता. कर कमी करा, लोकांना कामे द्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा. नाहीतर १८५७ ची पुनरावृत्ती होईल, असा त्याचा आशय होता. गव्हर्नरच्या शिरासाठी उलट इनामही लावण्यात आले. दरोडेखोर खंडणी मागतो, हा माणूस अंदाजपत्रकातील दुरुस्ती मागत होता. लंडनच्या वृत्तपत्रांतही त्याची दखल घेतली गेली.

त्यातच १३ मे रोजी पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. पेशव्यांचे वाडे, त्यांत सरकारी कचेऱ्या आणि बाहेर बंड! अँग्लो-इंडियन पत्रांनी सरळ पुण्याच्या ब्राह्मणांकडे बोट दाखविले. पुढे चौकशीत आगीमागे सरकारी पुस्तकभांडारातील एका कारकुनाचा हात असल्याचे निष्पन्न झाले आणि बंडाशी तिचा संबंध नसल्याचे दिसले. परंतु तोवर संशयाने आपले काम केले होते. आधीच नाशिकला पाठविलेल्या रानडे यांची बदली त्याच महिन्यात धुळ्याला झाली आणि तेथे त्यांची टपाल फोडून वाचली जात असे. ज्यांनी वासुदेव बळवंतांच्या मार्गाला कधीच मान्यता दिली नव्हती, तेही पाळतीखाली आले. टेंपल यांनी जुलैत व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रात चित्पावनांच्या महत्त्वाकांक्षेविषयी जे विवेचन केले, ते टोळीच्या बंदोबस्तासाठी नव्हते. एका शिकलेल्या समाजाविषयीच्या भीतीचे ते निवेदन होते. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि शस्त्रे हिरावून घेणारा असे दोन कायदे आदल्याच वर्षी, १८७८ साली, झाले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

योगायोग असा, की नेमक्या याच महिन्यांत हजारो मैलांवरील ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया या इंग्रजी वसाहतीचे सरकारही एका बंडखोर दरोडेखोरामुळे हैराण झाले होते. नेड केली आणि त्याच्या साथीदारांनी ऑक्टोबर १८७८ मध्ये तीन पोलिसांना ठार केल्यावर तेथील विधिमंडळाने काही दिवसांतच खास कायदा करून त्यांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढले; दिसेल त्याने त्यांना गोळी घालावी, अशी मुभा दिली. सहानुभूतिदार म्हणून वीसएक माणसे पुराव्यावाचून कित्येक आठवडे डांबण्यात आली. इनाम वाढत वाढत आठ हजार पौंडांवर गेले. फेब्रुवारी १८७९ मध्ये, म्हणजे धामारीच्या दरोड्याच्याच महिन्यात, केलीनेही आपली गाऱ्हाणी सांगणारे लांबलचक पत्र लिहवून घेतले होते. केली १८८० साली मेलबर्नमध्ये फासावर गेला. पण त्यानंतर तेथे शाही आयोग नेमून पोलीस खात्याच्याच कारभाराची झडती घेण्यात आली. त्या वसाहतीत निवडून आलेले मंडळ होते आणि मंत्र्यांना जाब विचारणारे मतदार होते. मुंबई इलाख्यात जाब विचारण्याची सोय नव्हती. पुण्याची सार्वजनिक सभा अर्ज करू शकत होती, इतकेच.

दौलतरावांच्या मृत्यूनंतर वासुदेव बळवंत निजामाच्या मुलखात उतरले. आजचे परभणी, हिंगोली, नांदेड हे जिल्हे त्या वेळी याच राज्यात होते. मराठवाड्याच्या वाचकाला या मुलखाचे तेव्हाचे रूप निराळे सांगायला नको. नोकरी सुटलेले रोहिले आणि अरब शिपाई गावोगाव विखुरलेले होते, कोणी सावकारी करी, कोणी भाड्याने तलवार देई. त्यांना आवर घालण्यासाठी निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली हैदराबाद कंटिन्जंट ही फौज होती आणि तिची एक छावणी हिंगोलीत होती. हा भाग बंडाला नवखा नव्हता. १८१९ साली हटकरांचे नायक नौसाजी नाईक यांच्या नोव्हा येथील गढीवर निजामाच्या इंग्रजी फौजेने तोफा डागल्या होत्या. वासुदेव बळवंतांनी दत्ताचे स्थान असलेल्या गाणगापूरच्या बाजूस राहून इस्माइल खान या रोहिल्याशी संधान बांधले आणि पाचशेच्या आसपास रोहिल्यांची फौज उभारण्याचा बेत केला. रामोशांच्या बाबतीत जे अडले होते तेच येथेही आडवे आले. रोहिल्यांना आगाऊ पैसे हवे होते.

सरहद्द ओलांडली की इलाख्याचा पोलीस मागे राहतो, हा जुन्या बंडखोरांचा हिशेब होता. सालारजंग यांच्या कारभारातील हैदराबाद राज्याने तो खोटा ठरविला. निजामाच्या पोलिसांचा अधिकारी अब्दुल हक आणि मेजर डॅनियल यांनी मिळून माग काढला. २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या कर्नाटकात भीमेच्या काठी असलेल्या देवर नावदगी या गावी, तापाने फणफणलेले आणि दमून झोपी गेलेले वासुदेव बळवंत पकडले गेले. त्यांच्याजवळची रोजनिशी आणि आत्मचरित्र हाती लागल्यावर सरकारला वेगळ्या साक्षीदारांची फारशी गरज उरली नाही.

खटला पुण्यात चालला. सार्वजनिक काकांनी आणि पुढे महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि त्या संशयाच्या वातावरणात हे सोपे नव्हते. आरोप केवळ दरोड्यांचे नव्हते, राणीच्या सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचाही होता. वर्षभर पोलिसांनी ज्याला दरोडेखोर म्हटले, त्याला राजकीय गुन्हेगार म्हणून सरकारनेच न्यायालयात उभे केले. नोव्हेंबरात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. उमाजी आणि हरी मकाजी यांना फाशी, वासुदेव बळवंतांना काळे पाणी. हुतात्मा निर्माण होऊ नये एवढी सावधगिरी सरकारला पुण्याच्या कारकुनाच्या बाबतीत सुचली, रामोशाच्या बाबतीत नाही. नेहमीच्या अंदमानाऐवजी त्यांना एडनला पाठविण्यात आले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होते.

त्याच १८७९ च्या ऑक्टोबरात पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून दिलासा देणारा कायदा मंजूर झाला. त्याचे मूळ १८७५ च्या सुप्याच्या दंग्यात आणि त्यानंतरच्या आयोगात होते, हे खरे. पण चार वर्षे रेंगाळलेला विषय बंडाच्या वर्षी मार्गी लागला, हेही तितकेच खरे. पुढच्याच वर्षी टेंपल गव्हर्नरपद सोडून इंग्लंडला परतले आणि पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले. ती ते हरले.

एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंतांनी ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडले आणि ते वाळवंटात पळाले. काही तासांतच त्यांना पुन्हा पकडण्यात आले. नंतर साखळदंड वाढले, प्रकृती खालावली, त्यांनी अन्न नाकारले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. पुराव्यादाखल जप्त झालेले त्यांचे आत्मचरित्र सरकारी दफ्तरात पडून होते. मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याची साधने प्रसिद्ध केली तेव्हा पहिल्याच खंडात, इंग्रजी भाषांतराच्या रूपाने, ते छापून आले.