समुद्रात दगडी दीपगृह बांधणारे जॉन स्मीटन

माझे बाबा गवंडी आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्याची भिंत पडली. ती मातीत बांधलेली होती. दगड एकही फुटला नव्हता, सगळे जसेच्या तसे पडले होते. मधली माती तेवढी वाहून गेली होती. ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा गुरुजींनी मला जॉन स्मीटन यांची माहिती वाचायला दिली. तीच मी येथे लिहीत आहे.

जॉन स्मीटन यांचा जन्म ८ जून १७२४ रोजी इंग्लंड देशात लीड्स शहराजवळ ऑस्टथॉर्प येथे झाला. त्यांचे वडील वकील होते. मुलानेही वकील व्हावे असे त्यांना वाटे. पण जॉनचे सगळे लक्ष हत्यारांकडे. सुतार, गवंडी काम करत असले की हा तेथे जाऊन बसे व प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडी. असे सांगतात की अगदी लहान असताना एकदा तो कोठाराच्या छपरावर चढला आणि स्वतः केलेली पवनचक्की तेथे बसवू लागला. घरच्यांची घाबरगुंडी उडाली. मी छपरावर चढलो होतो तेव्हा मला मार बसला होता. त्यांना बसला की नाही ते पुस्तकात दिलेले नाही.

पुढे वडिलांनी त्यांना कायदा शिकायला लंडनला पाठवले. तेथे त्यांचे मन रमेना. शेवटी त्यांनी वडिलांना लिहून आपली आवड कळवली. वडिलांनी ऐकले. मग ते मोजमापाची यंत्रे बनवू लागले.

आता एडिस्टोनची गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेला प्लिमथ नावाचे बंदर आहे. तेथून सुमारे २२ किलोमीटर दूर समुद्रात एडिस्टोन नावाचे खडक आहेत. भरती आली की ते पाण्याखाली जातात. रात्री खलाशांना ते दिसत नसत. जहाज आपटे आणि माणसे बुडत. म्हणून हेन्री विन्स्टनली यांनी तेथे दीपगृह बांधले. त्याचा दिवा १६९८ साली लागला. नोव्हेंबर १७०३ मध्ये भयंकर वादळ झाले. त्या रात्री विन्स्टनली स्वतः दीपगृहातच होते. वादळ संपल्यावर लोकांनी पाहिले तर खडकावर दीपगृहही नव्हते आणि माणसेही नव्हती.

दुसरे दीपगृह बरेचसे लाकडाचे होते. ते ४० वर्षांपेक्षा जास्त टिकले. पण डिसेंबर १७५५ मध्ये त्याला आग लागली. हेन्री हॉल नावाचे ९४ वर्षांचे म्हातारे रखवालदार खालून वर पाणी फेकत होते. छपराचे शिसे वितळले आणि त्यांच्या उघड्या तोंडात गेले. त्यांनी हे डॉक्टरांना सांगितले, पण कोणाचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी ते वारले. तेव्हा त्यांच्या पोटात शिशाचा गोळा सापडला. तो गोळा एडिनबरा येथील संग्रहालयात ठेवला आहे. हे वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले.

एक दीपगृह लाटांनी नेले, दुसरे आगीने. तिसऱ्याचे काम स्मीटन यांच्याकडे आले. त्यांनी ठरवले की ते दगडाचे बांधायचे. आकार कसा घ्यायचा? त्यांनी ओक झाडाचा बुंधा डोळ्यांसमोर ठेवला. झाड खाली रुंद असते व वर निमुळते होत जाते, म्हणून वाऱ्यात उभे राहते. आपल्या पारावरच्या वडाकडे बघा, म्हणजे समजेल. दीपगृह तळाशी २६ फूट रुंद ठेवले.

पण खरी अडचण चुन्याची होती. तेव्हा सिमेंट नव्हते. साधा चुना हवेवर हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली ठेवला तर तो मऊच राहतो. लाटा तो धुऊन नेणार, मग आमच्या गोठ्यासारखीच गत. स्मीटन यांनी ठिकठिकाणचा चुना मागवला. प्रत्येकाचे सुमारे दोन इंचाचे गोळे केले आणि पाण्यात ठेवून दिले. काही गोळे विरघळून गेले. वेल्स प्रांतातल्या अ‍ॅबरथॉ या गावच्या चुन्याचा गोळा मात्र पाण्यातच घट्ट झाला. असे का, हे पाहण्यासाठी त्यांनी ती चुनखडी तेजाबात विरघळवली. खाली माती उरली. त्याआधी लोक समजत की चुनखडी जितकी कठीण तितका चुना चांगला. स्मीटन यांना दिसले की कठीणपणाचा काही संबंध नाही. ज्या चुनखडीत चिकणमाती आहे तिचा चुना पाण्यात धरतो.

या चुन्यात त्यांनी तेवढीच इटलीची ज्वालामुखीची माती मिसळली. मी हे बाबांना वाचून दाखवले. बाबा म्हणाले की आपल्याकडे जुन्या बांधकामात चुना घाणीत मळत. बैल घाणी ओढत, आणि चुन्यात सुरखी घालत. सुरखी म्हणजे विटांचा भुगा. म्हणजे ती माती डोंगराच्या पोटात भाजलेली आणि आपली भट्टीत भाजलेली. काम एकच.

दगड बाहेरून ग्रॅनाइटचे घेतले. एकेक दगड एक ते दोन टन वजनाचा. असे सुमारे दीड हजार दगड लागले. पण नुसते एकावर एक ठेवले नाहीत. दगडाची कड माशाच्या शेपटीसारखी घडवली आणि शेजारच्या दगडात तशीच खाच केली. एकात एक बसल्यावर एक दगड ओढून निघतच नाही. निघायचा तर सगळा थर निघाला पाहिजे. खालच्या खडकालाही खाचा पाडून पहिला थर त्यात अडकवला. वरचा थर सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे ठोकळे घातले, अर्धे खालच्या दगडात, अर्धे वरच्या. दगड आधी किनाऱ्यावर जुळवून बघत, मग सुटे करून होडीतून नेत.

काम फक्त चांगल्या हवेत चाले. समुद्र खवळला की होडी लागतच नसे. स्मीटन स्वतः खडकावर थांबत. एकदा ते खडकावर पडले आणि त्यांचा अंगठा निखळला. त्यांनी स्वतःच तो ओढून जागेवर बसवला आणि परत कामाला लागले.

पहिला दगड जून १७५७ मध्ये बसवला. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दिवा लागला. दिवा म्हणजे २४ मेणबत्त्या! फक्त चोवीस. पण तेवढा उजेड जहाजांना पुरत होता.

नंतर स्मीटन यांनी पुष्कळ पूल, कालवे व बंदरे बांधली. त्यांचे सगळेच टिकले असे नाही. हेक्सम गावाजवळ टाइन नदीवर त्यांनी दगडी पूल बांधला होता. तो १७८२ च्या पुरात पडला. खालची वाळू वाहून गेली होती. त्यांना फार वाईट वाटले असेल असे मला वाटते. २८ ऑक्टोबर १७९२ रोजी ऑस्टथॉर्प येथे ते वारले. नंतर १८२४ मध्ये लीड्सच्याच जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंट काढले. सिमेंटच्या गोणीवर हे नाव आजही छापलेले असते. मी बघितले आहे.

दीपगृह सव्वाशे वर्षे चालले. मग मोठी लाट आली की ते हादरू लागले. तपासून पाहिले तर दीपगृह घट्टच होते, त्याच्या खालचा खडक समुद्राने पोखरला होता. म्हणून जवळच्या दुसऱ्या खडकावर नवीन दीपगृह बांधले. त्याचा दिवा १८८२ साली लागला. स्मीटन यांच्या दीपगृहाचा वरचा भाग दगड दगड सुटा करून प्लिमथला आणला व किनाऱ्यावरच्या टेकडीवर पुन्हा उभा केला. लोक तो पाहायला जातात. खालचा बुंधा मात्र तेथेच राहिला. बाबांनी मला विचारले की तो अजून उभा आहे का. मी पुस्तकातला फोटो दाखवला. नव्या दीपगृहाशेजारी तो अजून उभा आहे, आणि त्याच्यावर लाटा आपटत आहेत.

इयत्ता ४ थी