संत कान्होपात्रा

श्रीविठ्ठलाच्या राउळात दर्शन झाले की आपण सारे तरटीच्या झाडाला हात जोडतो. मागून रेटा असतो, चोपदार पुढे चला म्हणत असतो, आणि हे झाड कोणाचे हे मनात येईपर्यंत आपण बाहेर लोटले गेलेलो असतो. म्हणून या अंकी कान्होपात्रेचे चरित्र घेत आहोत.

कान्हो मंगळवेढ्याची. चोखोबांनी जेथे देह ठेवला, दामाजीपंतांनी दुष्काळात जेथे धान्याची कोठारे खुली केली, तेच हे गाव. काळ पंधराव्या शतकाचा धरतात. आई श्यामा गणिका, पैशाअडक्याने भरलेली. मुलगी रूपवान, गाण्या-नाचण्यात तरबेज. गणिकेच्या लेकीने गणिकाच व्हावे अशी रीत. तिला कोणी विचारायचेच नसते. कान्होला ते नको होते. बरे, संसार मांडावा म्हटले तर गृहस्थाच्या घरचा उंबरा तिला कोठला? आईच्या वाटेने ती जाईना, आणि कुळवंत बायकांत तिला बसू देईना कोणी. अशा माणसाला लोक काय म्हणून हाक मारणार?

महिपतीबोवांनी भक्तविजयात (१७६२) तिची कथा सांगितली आहे. एकदा दारावरून वारकरी भजन करीत चालले होते. तिने त्यांना थांबवले, कोठे निघालात म्हणून पुसले. मग भीतभीत विचारले की, माझ्यासारखीला तुमचा देव पदरात घेईल का? वाचकहो, त्या वारकऱ्यांनी तिचे घर पाहिले होते, कोणाच्या दारात उभे आहोत हे त्यांना कळत होते. तरी त्यांनी कुळ काढले नाही, आधी धंदा सोड असेही सुनावले नाही. घेईल म्हणाले. कान्होने वीणा उचलली आणि त्यांच्याबरोबर पंढरीची वाट धरली.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका आषाढीला आमच्या दिंडीत एक तृतीयपंथी आली. लुगडे नेसलेली, गळ्यात माळ, पाठांतर आमच्याहून चोख. दिवसभर सर्वांनी तिला माउली म्हटले; वाटेत सगळ्यांनाच म्हणतात. रात्री पंगत बसली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी हळूच सरकल्या. त्यांतली एक आमची होती. सकाळी ती दिंडीत नव्हती.

असो. कान्हो पंढरीत राहिली, देवापुढे गाऊ लागली. पण रूपाची कीर्ती बेदरच्या बादशहापर्यंत गेली आणि तिला आणण्यासाठी शिपाई आले. तिने एकवार देवाला भेटून येते म्हणून सांगितले, आत गेली, आणि चरणांवर मस्तक ठेवून तेथेच प्राण सोडला. राउळाच्या दक्षिणेस तिचा देह पुरला व तेथे तरटीचे झाड उगवले, असे परंपरा सांगते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. गणिकेच्या या लेकीला आवारात जागा मिळाली. तिला कोणी गुरू असल्याचे परंपरा सांगत नाही, तिचा फड नाही, मागे शिष्यशाखा नाही. थोडे अभंग तेवढे आहेत, आणि ते संतांच्या गाथेत इतरांच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत.

१९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने संत कान्होपात्रा हे नाटक रंगभूमीवर आणले. कान्हो झाले होते बालगंधर्व. पुरुषाने लुगडे नेसून गायलेले तिचे अभंग अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. आमच्या घरी त्यांची तबकडी होती; ती लागली की वडील हातातले काम टाकून बसत, आणि आम्हीही. त्या रात्री पंगतीत मात्र ती आठवली नाही. आता तरटीपाशी आलो की पाऊल जरा अडखळते, मागच्यांचा रेटा असला तरी.